बाइनाची दुसरी जबानी

त्या वर्षी सप्टेंबरात वादळ झालं आणि समुद्र थेट कापसात शिरला. दोन दिवस पाणी जागचं हललं नाही. ओसरलं तेव्हा हॅम्लिन बेटावरच्या शेताशेतात मिठाची पांढरी खपली राहिली होती आणि फुटायला आलेली बोंडं झाडावरच काळी पडली होती. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याला अशी बेटं बरीच आहेत, पण त्या वादळानं आमच्यावर जरा जास्तच माया केली. पलीकडच्या किनाऱ्यावरचे गोरे म्हणाले, बरं झालं, मालकाचे दिवस, म्हणजे गुलामी, संपल्यापासून बेटावरचे काळे फार चढून गेले होते.

बाइनाची जमीन खाडीच्या तोंडाशी, म्हणून मीठही तिच्याच वाट्याला जास्त आलं. डिसेंबर उजाडला तरी ती रोज सकाळी फावडं घेऊन चर खणायला जाई. पावसाचं पाणी या चरांनी खाडीत उतरावं आणि जाताना मीठ घेऊन जावं, एवढाच तिचा डाव होता. डाव बरोबर होता, पण मीठ धुऊन जायला दोन पावसाळे तरी लागणार होते आणि पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांना तेवढा दम नव्हता. चरात उतरताना ती फावड्याच्या दांड्याला धरून उतरायची, आणि वर येताना आधी फावडं बाहेर टाकून मग चार पायांवर रांगत वर यायची. कोणी बघत नाही ना, हे आधी बघून घ्यायची.

त्या दिवशी मात्र सिपिओनं बघितलं. सिपिओला डावा हात नव्हता, खांद्यापासूनच नव्हता. गुलामी संपवणाऱ्या लढाईत गेला. उरलेल्या हातानं मागचं वल्हं मारत तो होडी अशी नेई की दोन हातवाल्यांनी तोंडात बोट घालावं. होडी चिखलाला लावून तो काठावर आला आणि खाली वाकून म्हणाला, "काय गं, खेकडा झालीस का?"

"तू वर ओढ ना मग. का तुझा तो हात पेन्शनीला गेलाय?"

"पेन्शनीला हातच गेला, म्हणून तर पेन्शन मिळाली," सिपिओ हसला आणि त्यानं तिला वर ओढलं. "ऐक. तो तपासनीस मंगळवारच्या बोटीनं येतोय. राजधानीचा माणूस आहे. तुझा दावा त्याच्याकडे आहे. प्रार्थनाघरात बसून जबान्या घेणार म्हणतात."

बाइनानं हातांचा चिखल झग्याला पुसला. चार वर्षं झाली होती दावा लावून. चार वर्षांत इतके कागद गेले आणि आले की तिला वाटू लागलं होतं, ही शिपायाच्या विधवेची पेन्शन म्हणजे कोणीतरी वाचता येणाऱ्या माणसानं केलेली थट्टा आहे. प्राइमस, तिचा नवरा, सिपिओबरोबरच काळ्यांच्या पलटणीत भरती झाला होता. दोघं एकाच दिवशी मालकाच्या शेतातून पळाले आणि एकाच दिवशी उत्तरेच्या फौजेचा निळा कोट घातला. सिपिओ एक हात देऊन परत आला. प्राइमस नदीच्या मुखाशी झालेल्या लढाईत पडला, आणि समुद्राचं पाणी दुसऱ्यांदा चढून उतरलं तेव्हा तिथं वाळूशिवाय काही नव्हतं.

"मिळेल का रे?" तिनं विचारलं.

"मिळायलाच पाहिजे. मी त्याला पडताना बघितलाय. मी सांगेन. शेजारची सिल्व्ही सांगेल तुमचं लग्न झालं होतं म्हणून. तू फक्त रडू नकोस आणि भांडू नकोस."

"रडत नाही मी."

"मग भांडू नकोस."

पेन्शन मिळाली तर बाइनाला घरी राहता येणार होतं. नाही मिळाली तर जानेवारीत पलीकडे कालवांच्या कारखान्यात जायचं. तिथं दिवसभर उभं राहून कालवं फोडायची, हाताची सालं निघेपर्यंत, आणि झोपायचं त्यांच्याच फळ्यांच्या खोपटात. बाइना कामाला भीत नव्हती. पण सासूचं काय? डॉर्कस म्हातारी ऐंशीच्या घरातली, डोळ्यांनी जवळजवळ अधू. तिला जिल्ह्याच्या गरीबखान्यात टाकावं लागलं असतं. आणि घराला कुलूप लागलं असतं. ते तर मुळीच चालण्यासारखं नव्हतं. का, ते बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी त्याबद्दल मोठ्यानं बोलत नसे.

प्राइमस घरी येई.

रोज नाही. मोठी भरती कातरवेळेला चढायची, त्या दिवशी. खाजणातलं गवत पाण्याखाली जायचं, चिखल दिसेनासा व्हायचा आणि मग पायवाटेवर पाऊल वाजायचं. आमच्याकडे अंगणात कालवांच्या शिंपा पसरतात, त्यावर चाललं की करकर होते. करकर दारापर्यंत यायची. पायरीवर बूट घासल्याचा आवाज यायचा, चिखल काढताना घासतात तसा. मग पायरीची फळी दबायची. ओल्या लोकरी कोटाचा वास यायचा. तेवढंच. कोणी बोलायचं नाही, आत यायचं नाही. बाइना वाडगाभर भात, त्यावर भेंडी आणि असली तर कोळंबी, असं पायरीच्या कडेला ठेवायची. डॉर्कस म्हातारी आतून बोलत बसायची, "पाय ओले नको ठेवूस. तुझ्या मामाचा बैल मेला बरं का. वादळात गेला." असलं काहीतरी, गावाहून आलेल्या मुलाला सांगतात तसलं.

पहिल्या वर्षी बाइना घाबरली होती. मग सवय झाली. आणि खरं सांगायचं तर नुसती सवय झाली नाही. तिला ती संध्याकाळ हवीशी वाटे. त्या दिवशी ती डोक्याला धुतलेलं फडकं बांधायची. सिल्व्हीनं एकदा ते ओळखलं आणि म्हणाली, "आज भरती वाटतं?" बाइना लाजली होती, एवढ्या वयात.

बेटावर कोणी मेलं की त्याचा वाडगा, त्याचा पेला, शेवटी हाताळलेलं जे असेल ते फोडून थडग्यावर ठेवतात. म्हणजे तो मागं वळून बघत नाही. प्राइमसला थडगंच नव्हतं. त्याचा वाडगा फोडून ठेवायचा कुठं? तो घरातच राहिला, धड, आणि भाताला तोच लागे. दुसरा एक नियमही लहान पोरांपासून सगळ्यांना माहीत होता. जो अजून फिरतो त्याचं नाव परक्या माणसासमोर घ्यायचं नाही. नाव घेतलं की तो त्या परक्याच्या मागं लागतो, नाहीतर घेणाऱ्याच्या. या नियमानंच पुढचा सगळा घोळ झाला.

मंगळवारी तपासनीस आला. ट्रस्क त्याचं नाव. गोरा, बारीक, उत्तरेकडचा. सर्दीनं नाक लाल झालं होतं आणि मानेवर डासांचे फोड आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यानं बाइनाला बाकावर बसायला सांगितलं, आमच्याकडच्या गोऱ्यांनी तसं कधी सांगितलं नसतं. बायबलवर हात ठेवून शपथ घेतल्यावर त्यानं विचारायला सुरुवात केली.

"लग्न कधी झालं?"

"कापूस निंदायच्या दिवसांत, साहेब. मालकानं अर्धा दिवस सुट्टी दिली होती."

"साल?"

"ते मालकाला ठाऊक."

"कागद आहे?"

"आम्हीच मालकाच्या कागदावर होतो साहेब, बैलांच्या खाली. आम्हाला कुठला कागद?"

सिपिओनं भांडू नकोस म्हणून सांगितलं होतं ते तिला बोलल्यावर आठवलं. पण ट्रस्क रागावला नाही. त्यानं नाक पुसलं आणि लिहिलं. मग विचारलं, तुझ्या नवऱ्याच्या अंगावर काय खूण होती? बाइनानं सांगितलं, पाठीवर फटक्यांचे वळ, उजव्या मांडीवर कुऱ्हाडीचा व्रण. कुठं, नक्की किती वर? तिनं आपल्या मांडीवर बोट ठेवून दाखवलं. मूल झालं होतं? एक, मुलगी, आठ महिन्यांची असताना गेली. सुईण कोण होती? तीही गेली. प्राइमसच्या आधी कोणाबरोबर राहिलीस? मालकाच्या दिवसांत कोणाबरोबर राहायचं हे बाईला कोण विचारायचं, हे या माणसाला कसं सांगावं, तिला कळेना. "राहिले नाही," ती म्हणाली. "ठेवलं होतं, तिथं होते." ट्रस्कनं ते लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला. "प्राइमसनंतर दुसरं लग्न केलंस?"

"नाही."

एवढ्यावर तिला सोडलं. घामानं तिची पाठ भिजली होती, डिसेंबरात. बाहेर सिपिओ आणि सिल्व्ही आपापली पाळी यायची वाट बघत उभे होते. सिल्व्हीनं रविवारचा झगा घातला होता.

संध्याकाळी सिल्व्ही धापा टाकत बाइनाच्या अंगणात आली. दोघी एकाच मळ्यात एकाच ओळीत कापूस वेचत मोठ्या झालेल्या. सिल्व्हीचा चेहरा नुसता फुलला होता.

"झालं गं तुझं काम! मी सगळं खरं खरं सांगितलं. एक शब्द खोटा नाही."

"काय विचारलं त्यानं?"

"लग्न बघितलंस का? म्हटलं, बघितलं, मीच तिच्या केसात फुलं खोवली होती. चांगली बाई आहे का? म्हटलं, बेटावर हिच्यासारखी नाही. मग विचारलं, हिच्या घरी कोणी पुरुष येतो का?"

"मग?"

"मग काय? बायबलवर हात होता माझा. म्हटलं, येतो."

"सिल्व्हे!"

"अगं, मग काय खोटं बोलू? येतो ना! मी स्वतः पावलं ऐकलीत. त्यानं विचारलं, रोज येतो का? म्हटलं, रोज नाही, मोठ्या भरतीला येतो. ती त्याला जेवू घालते का? म्हटलं, घालते, भात घालते. नाव काय त्याचं?" सिल्व्ही आता हळू बोलू लागली. "ते नाही सांगितलं मी. तेवढी अक्कल आहे मला. परक्या माणसासमोर त्याचं नाव कसं घेऊ? म्हटलं, साहेब, नाव घेत नाही. त्यानं तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं. शेवटी त्यानंच नाद सोडला."

बाइना पायरीवर बसली. तिला हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना. आतून डॉर्कस म्हातारीनं विचारलं, "कोण गं? सिल्व्ही का? तिला रताळं दे." बाइनानं उठून चुलीच्या राखेतलं रताळं काढून सिल्व्हीच्या हातावर ठेवलं. सिल्व्हीनं ते सोलून खाल्लं. तिला अजून काही उमगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिपिओ आला. बाइना ओहोटीच्या चिखलात कालवं काढत होती. गुडघ्यापर्यंत रुतलेली, हातात लोखंडी आकडा, कमरेला टोपली. सिपिओ काठावरून ओरडला, "तुझ्या मैत्रिणीनं तुझं वाटोळं केलं!"

"ठाऊक आहे. ओरडू नकोस, आई घरात आहे."

तो चिखलात उतरला. बूट न काढता उतरला, यावरूनच काय ते कळत होतं. "साहेबानं मला बोलावून सांगितलं. कायदा आहे म्हणे. जी विधवा पुरुष ठेवते तिला पेन्शन नाही. साक्षीदार म्हणते पुरुष येतो, जेवतो, आणि नाव सांगायला नकार देते. त्यानं तसंच लिहिलंय. म्हणाला, मला वाटलं होतं ही बाई खरी आहे."

बाइनानं एक कालव उपटलं, टोपलीत टाकलं. शिंपेची धार तिच्या अंगठ्यात घुसली होती. ती ते रक्त बघत राहिली.

"शनिवारी बोट आहे त्याची," सिपिओ म्हणाला. "त्याआधी तो तुझं एकदा ऐकणार आहे. भला माणूस आहे, नाहीतर कोण ऐकतं? तू जा आणि सांग, माझ्याकडे कोणी येत नाही."

"पण येतो ना तो."

"बाइना."

"मग सांगते ना कोण येतो ते! माझा लग्नाचा नवरा येतो. त्यात लाज कसली?"

"सांग. म्हणजे तो लिहील, नवरा जिवंत आहे, मोठ्या भरतीला घरी येतो, पलटणीतून पळालेला दिसतो. मग तुझी पेन्शन गेली आणि त्याचं नावही गेलं. नाहीतर लिहील, बाई वेडी आहे. वेड्या बाईच्या जबानीला कोण विचारतं?" सिपिओनं तिच्या हातातली टोपली काढून आपल्या काखेत धरली. "एक वाक्य आहे. एक वाक्य बोल आणि मोकळी हो. घर राहील, म्हातारी राहील. तो बापडा कुठं जाणार आहे?"

"तू असतास त्याच्या जागी, तर तुझ्या बायकोनं म्हटलं असतं?"

"माझी बायको मी समोर असतानाही म्हणते, हा मेला माझा कोणी नाही म्हणून."

बाइना हसली नाही. सिपिओनं मान खाली घातली. मग म्हणाला, "मी त्याला तिथं वाळूत सोडून आलो, बाइना. माझा हात लोंबत होता, पण दुसरा धड होता. ओढता आला असता. ओढला नाही. मला तो कधी भेटायला येत नाही, तुझ्याकडे येतो. म्हणून मी तुला हे सांगायला नको होतं. पण सांगायला दुसरं कोण आहे?"

ती रात्रभर विचार करत बसली वगैरे काही नाही. ती इतकी दमली होती की आडवी झाल्याबरोबर झोपली. विचार केला तो शुक्रवारी सकाळी, चर खणताना. एक फावडं मातीचं आणि एक विचार. जीभ चावून गप्प बसावं आणि जानेवारीत कारखान्यात जावं, तर घराला कुलूप. मग मोठ्या भरतीला पावलं वाजत येणार, पायरीवर बूट घासणार आणि आत कोणी नाही. वाडगा नाही, आईचा आवाज नाही. किती वेळ उभा राहील तो? त्याच्यासाठीच घर उघडं राहायला हवं. आणि घर उघडं ठेवायचं तर तो येत नाही म्हणायचं. तिनं फावडं टाकलं आणि मोठ्यानं शिवी दिली. कोणाला दिली, देवाला की सरकारला, तिचं तिला माहीत.

सासूला तिनं काही सांगितलं नाही. हात-पाय धुतले आणि प्रार्थनाघराकडे निघाली.

प्रार्थनाघर खाडीच्या काठावर. पाणी चढत होतं आणि हवा यावी म्हणून ट्रस्कनं दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. त्याला सर्दीनं गुदमरत होतं. सिल्व्ही बाहेर खिडकीपाशी उभी होती. सिपिओनं तिला काय ते समजावलं होतं आणि तेव्हापासून ती अन्नाला शिवली नव्हती. ट्रस्कनं बाइनाला पुन्हा शपथ दिली. कागद सरळ केला.

"तुझ्या शेजारणीनं सांगितलंय की तुझ्या घरी एक पुरुष येतो. खरं आहे?"

"नाही, साहेब."

"मग तिनं असं का सांगितलं? ती तुझी वैरी आहे?"

"नाही, नाही."

"मग ती खोटं बोलली?"

बाइनानं खिडकीकडे बघितलं. सिल्व्हीच्या रविवारच्या झग्याची बाही दिसत होती. "खोटं नाही, साहेब. ती... तिचं डोकं जरा अधू आहे. लहानपणापासून. तिला नसलेली माणसं दिसतात." बाही खिडकीतून बाजूला झाली. बाइनाला वाटलं, आता जमीन फाटेल आणि मी आत जाईन. पण जमीन कसली फाटते?

ट्रस्क लिहीत होता. "भात कोणासाठी ठेवतेस?"

"कुत्र्यासाठी."

"बरं." त्यानं लेखणी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघितलं. खरंच मदत करायची होती त्याला. "हे बघ, नुसतं नाही म्हणून भागणार नाही. वर बसलेले लोक पुन्हा शंका काढतील. तुझ्या तोंडून पूर्ण वाक्य हवं. तुझा नवरा, त्याचं नाव घेऊन, तो कुठं आहे, आणि तुझ्या दारी कोणी येतं का. स्पष्ट बोल, मला ऐकू कमी येतंय."

बाहेर पाणी घराखालच्या खांबांना लागून चुबुकचुबुक वाजत होतं. बाइना उभी राहिली. का उभी राहिली कोण जाणे, बसून ते तिला बोलवेना.

"माझा नवरा प्राइमस," ती म्हणाली. दाव्याच्या कागदांवर ते सिपिओनं लिहून दिलं होतं; पंचवीस वर्षांत परक्या माणसासमोर ते नाव पहिल्यांदा तिच्या तोंडी आलं होतं. "प्राइमस मेला. लढाईत मेला. तो परत आला नाही. माझ्या दारी कोणी येत नाही."

"मोठ्यानं, जरा."

ती पुन्हा बोलली, मोठ्यानं. मग ट्रस्कनं लिहिलेलं वाचून दाखवलं, नियमच होता तसा, म्हणजे ते तिसऱ्यांदा त्या खोलीत मोठ्यानं बोललं गेलं, गोऱ्या माणसाच्या चोंदलेल्या नाकातल्या आवाजात. बाइनानं खाली फुली मारली. फुली वाकडी आली आणि ट्रस्क म्हणाला, चालेल, चालेल.

घरी जाताना सिल्व्ही तिच्याबरोबर चालली, पण रोजच्यासारखा हात धरला नाही. वाटा फुटायच्या तिथं आल्यावर म्हणाली, "मला वेडी म्हणालीस, त्याचं काही नाही. चूक माझीच होती. मी वेडी तर वेडी."

"सिल्व्हे, माफ कर गं."

"मला म्हणालीस त्याचं काही नाही गं," सिल्व्ही पुन्हा म्हणाली. "त्याला म्हणालीस..." आणि पुढचं न बोलताच ती आपल्या वाटेला वळली.

रविवारी मोठी भरती होती. बाइनानं डोक्याला धुतलेलं फडकं बांधलं. कोळंबी मिळाली होती, ती भातावर घातली. वाडगा ठेवला. गवत पाण्याखाली गेलं, चिखल दिसेनासा झाला. दोघी सासू-सुना दाराच्या आत कान देऊन बसल्या. अंधार पडला तरी शिंपा वाजल्या नाहीत.

"पाणी आज सावकाश चढतंय," म्हातारी म्हणाली.

"हो, आई."

पुढच्या मोठ्या भरतीला म्हातारी म्हणाली, वारा उलटा आहे. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाली, थंडी फार आहे, थंडीत त्याला पूर्वीपासून बाहेर पडायला नको असायचं. त्याच्या पुढच्या वेळी काहीच म्हणाली नाही. वाडग्यातला भात सकाळी जसाच्या तसा असे. बाइना तो कोंबड्यांना टाकी. रोज फावडं घेऊन जाई, पाऊस येई, चरांतून पाणी वाहून जाई. बोट बुडवून चाखलं तर पाणी अजून खारट लागे. जानेवारीत कारखान्याची बोट बायकांना न्यायला आली तेव्हा बाइना धक्क्यावर गेली नाही, सिपिओनं थांब म्हटलं होतं. त्या दोन महिन्यांत त्यांनी जे खाल्लं ते सिपिओच्या आणि सिल्व्हीच्या घरून आलं. सिल्व्ही टोपली पायरीवर ठेवून आत न येताच जात असे.

मार्चमध्ये, लख्ख दुपारी, सिपिओ पळत आला. एक हात हलवत पळणारा माणूस तिरका पळतो, आणि त्यानं वाटेवरच्या सगळ्या कोंबड्या उधळून दिल्या. "मंजूर!" तो ओरडला. "मंजूर झालं!"

लाकडी बाकावर बसून त्यानं कागद वाचून दाखवला. सावकाश वाचत होता, त्याला वाचायला पलटणीतच शिकवलं होतं. पलटणीचं नाव, कंपनीचं नाव, आणि मग, "बाइना, मयत शिपाई प्राइमस याची विधवा." दर महिन्याला इतकं, आणि मागचंही सगळं. घर राहणार होतं. म्हातारी राहणार होती. कारखाना गेला खड्ड्यात.

"पुन्हा वाच," बाइना म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं. तिला आनंद झाला नाही असं नाही. झाला. ती जमिनीवरच बसली. तेवढ्यात कोपऱ्यातून डॉर्कस म्हातारी म्हणाली, "विधवा म्हणतंय ना ते? त्यांना कोणी सांगितलं?"

"मीच, आई. सांगावंच लागतं."

"काय सांगितलंस?"

सिपिओनं डोळ्यांनी खुणावलं, नको. पण तीन महिने पोटात धरून ठेवलेलं आता बाइनाला धरवेना. तिनं सगळं सांगितलं. सिल्व्हीची जबानी, कायदा, उघड्या खिडक्या. आपण काय बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं.

म्हातारी ऐकत होती. तिचे अधू डोळे दाराकडे होते. "नाव घेऊन म्हणालीस?"

"हो."

"मोठ्यानं?"

"दोनदा मी बोलले. एकदा साहेबानं वाचलं."

"पाणी चढत होतं?"

"चढत होतं, आई."

म्हातारीनं आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. रागावलेली नव्हती ती. रागावली असती तर बाइनाला बरं वाटलं असतं. "त्याला ठाऊकच नव्हतं गं," ती म्हणाली. "पुरलं नाही, गाणं म्हटलं नाही, कोणी जवळ बसून सांगितलं नाही की बाळा, तू गेलास म्हणून. त्याला वाटायचं लढाई संपली, आता घरी जायचं. पंचवीस वर्षं माझं पोर घरी येत होतं. कोणी त्याला सांगितलंच नव्हतं."

सिपिओ तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसला. बाइना उठली. अंगणातून, शिंपांवरून अनवाणी धावत ती खाडीच्या कडेला गेली. भर दुपार होती, ओहोटी होती, चिखलावर बगळे फिरत होते. तिनं तोंडाभोवती हात धरले आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "प्राइमस! अरे ते खरं नव्हतं! नुसतं कागदापुरतं होतं रे! पोटासाठी बोलले मी! प्राइमस!"

बगळे उडाले आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा बसले. तिनं पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली, घसा फाटेपर्यंत. शेजारच्या शेतातली माणसं फावडी थांबवून बघू लागली. सिल्व्हीही आपल्या दारात येऊन उभी राहिली होती.

डॉर्कस म्हातारी काठी टेकत, चाचपडत पायरीपर्यंत आली.

"बाइना," तिनं हाक मारली, "घरात ये. मेलेल्या माणसाला असं बोलावू नये."